पाच गळ आणि एक हाक



सामान्य काळ सुरू झाला की आरंभीच्या एखाद्या रविवारी आपण कोळ्यांच्या पाचारणाचे शुभवर्तमान ऐकतो. एखाद्या वर्षी ते मत्तयचे असते, एखाद्या वर्षी मार्कचे, तर एखाद्या वर्षी लूकचे. सरोवर तेच, होड्या त्याच, धुवायला काढलेली जाळीही तीच. हा उतारा आपल्या इतक्या ओळखीचा आहे की पहिले वाक्य कानी पडताच पुढचे आपल्याला आठवते आणि मग मन मिस्सा संपल्यावर करायच्या कामांकडे वळते. म्हणून या वेळी आम्ही आपल्याला गालीलाच्या किनाऱ्यावरून थोडे दूर, अमेरिकेतील सरोवरांवर नेणार आहोत. तेथील हौशी आणि व्यावसायिक गळवाल्यांमध्ये गेली काही वर्षे एक वाद चालू आहे. वाद माशांचा आहे, पण थोडा विचार केला तर तो आपल्या घरातलाही आहे असे आपल्या लक्षात येईल.

अमेरिकेत बास नावाचा गोड्या पाण्यातला मासा आहे. मोठ्या तोंडाचा आणि लहान तोंडाचा असे त्याचे दोन प्रकार विशेष प्रसिद्ध आहेत. हा शिकारी मासा. पाणवनस्पतींच्या, बुडालेल्या ओंडक्यांच्या किंवा खडकांच्या आडोशाला तो दबा धरून राहतो आणि लहान मासा जवळून गेला की झडप घालतो. गळाला लागला की जोराने झुंजतो. त्यामुळे तिकडे बास पकडणे हा लाखो लोकांचा छंद झाला आहे.

या माशाचा जागतिक विक्रम २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या एका तरुण शेतकऱ्याने केला. त्याच्या माशाचे वजन २२ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारे १० किलो भरले. ते महामंदीचे दिवस होते. पेरी आणि त्याचा सोबती यांच्याकडे मिळून एकच काठी आणि एकच आमिष होते असे सांगतात. वजन करून झाल्यावर मासा घरी गेला आणि कुटुंबाने तो खाल्ला. त्या विक्रमाची बरोबरी व्हायला ७७ वर्षे लागली. २००९ साली जपानमधील बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी जवळजवळ तेवढ्याच वजनाचा बास पकडला.

पुढे या छंदाच्या स्पर्धा सुरू झाल्या. १९६७ साली रे स्कॉट नावाच्या विमा विक्रेत्याने अर्कान्सास राज्यातील बीव्हर सरोवरावर एक मोठी स्पर्धा भरवली आणि त्यानंतर बास पकडणाऱ्यांची एक संस्था उभी केली. १९७२ पासून त्यांनी स्पर्धकांमध्ये एक नवी शिस्त रुजवायला सुरुवात केली. मासा मारायचा नाही. बोटीतल्या पाण्याच्या टाकीत तो जिवंत ठेवायचा, वजन करायचे आणि पुन्हा सरोवरात सोडून द्यायचा. आज तेथील मोठ्या स्पर्धांत बहुधा दिवसाला पाचच मासे वजनासाठी आणता येतात. सहावा मोठा मासा मिळाला तर आधीच्या पाचांतला एक सोडावा लागतो. ही मर्यादा लोकांनी आपणहून मान्य केली, हे ध्यानात ठेवू या. त्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

आता वादाकडे वळू या. अलाबामा राज्यात टेनेसी नदीवर गंटर्सव्हिल नावाचे मोठे धरण-सरोवर आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये तेथे चार दिवसांची स्पर्धा झाली. १९८२ साली अमेरिकेतील सर्वांत मानाची स्पर्धा जिंकलेले पॉल इलायस हे अनुभवी स्पर्धक एक नवे साधन घेऊन उतरले होते. अलाबामातीलच अँडी पॉस या गृहस्थांनी ते तयार केले होते. त्याला लोक 'अलाबामा रिग' म्हणू लागले. रचना अगदी सोपी. पुढे माशाच्या डोक्याच्या आकाराचा जड भाग आणि त्यातून छत्रीच्या काड्यांसारख्या फाकलेल्या पाच तारा. प्रत्येक तारेच्या टोकाला रबरी मासोळी आणि तिच्या पोटात गळ. पाण्यातून ओढले की लहान मासोळ्यांचा थवा पोहत चालला आहे असे वाटते. एकटी मासोळी पाहून न हलणारा बास थवा पाहून धावतो. कधी एकाच फेकीत दोन किंवा तीन मासे लागतात. खाऱ्या पाण्यात बोटीमागे ओढायची अशी छत्री पूर्वीपासून होती; हाताने फेकून गोड्या पाण्यात वापरायची तिची तऱ्हा नवी होती. इलायस यांनी शंभर पौंडांहून अधिक वजनाचे मासे आणून ती स्पर्धा जिंकली. बातमी पसरताच दुकानांत या रिगसाठी झुंबड उडाली.

आणि मग काय झाले? काही महिन्यांतच, २०१२ च्या सुरुवातीला, रे स्कॉट यांनी स्थापन केलेल्या संस्थेने आपल्या सर्वांत वरच्या स्पर्धांतून हे साधन बाद केले. काही राज्यांनीही एका दोरीवर किती गळ चालतील याची संख्या ठरवून दिली. साधन निकामी होते म्हणून ते काढले नाही. ते फार चांगले काम करत होते, म्हणून काढले.

दुसरे साधन यापेक्षाही अजब आहे. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर वेगाने जातो. आवाजाचा ठोका सोडला आणि तो कशावर तरी आपटून परत आला की लागलेल्या वेळेवरून अंतर कळते. पंधरा मीटरवरच्या माशाचा प्रतिध्वनी सेकंदाच्या पन्नासाव्या भागात परत येतो. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते आणि हवेवरून आवाज जोरात परततो, म्हणून मासा यंत्राला चांगला दिसतो. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी या तत्त्वावर काम सुरू झाले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत लॉरन्स कुटुंबाने गळवाल्यांसाठी एक लहान यंत्र बाजारात आणले. 'छोटी हिरवी पेटी' म्हणून ते गाजले. ते बोटीच्या थेट खालचे दाखवत असे.

२०१८ साली गार्मिन कंपनीने 'लाइव्हस्कोप' आणले. हे यंत्र खाली पाहण्याऐवजी पुढे पाहते आणि चित्र हलते दाखवते. बोटीच्या नाळेवर उभा राहिलेला माणूस पडद्यावर समोरचा मासा पाहतो, आपले आमिष त्याच्याकडे जाताना पाहतो, मासा वळला की पाठ फिरवली हेही पाहतो. किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्याच्या मधल्या थरात तरंगणारे मासे पूर्वी सापडणे अवघड होते; आता ते एकेक करून शोधता येतात. २०२३ साली कॅनडाचे जेफ गुस्टाफसन यांनी टेनेसीतील नॉक्सव्हिल येथे क्लासिक ही सर्वांत मानाची स्पर्धा जिंकली, तेव्हा तळाशी असलेले मासे पडद्यावर पाहून त्यांच्या डोक्यावर आमिष स्थिर धरून ठेवण्याची त्यांची पद्धत सर्वत्र चर्चेत आली. पाठोपाठ पुन्हा नियमांचा प्रश्न उभा राहिला. एका व्यावसायिक संघटनेने २०२४ च्या हंगामापासून हे यंत्र स्पर्धेत पूर्ण बंद केले. दुसऱ्या एका मोठ्या मालिकेने २०२५ च्या हंगामात दिवसाच्या तीन सत्रांपैकी एकाच सत्रात ते वापरण्याची मुभा ठेवली.

बंधुभगिनींनो, या वादात दोन्ही बाजूंना काही म्हणायचे आहे आणि दोन्ही बाजू ऐकल्या पाहिजेत. यंत्राच्या बाजूचे लोक म्हणतात, प्रत्येक नव्या साधनाला लोकांनी अशीच नावे ठेवली आहेत. छोट्या हिरव्या पेटीलाही ठेवली होती. शिवाय पडद्यावर मासा दिसला म्हणजे तो मिळालाच असे नाही. आमिष पाहूनही तो शांतपणे निघून जातो, आणि त्याला वश करायला कौशल्य लागतेच. विरुद्ध बाजूचे लोक म्हणतात, हजारो डॉलर खर्चून बोटीवर पडदे लावणाऱ्याशी साध्या काठीवाल्याने बरोबरी कशी करावी? तासन्तास पडद्यात डोके घालून बसणाऱ्याला वारा, पाण्याचा रंग, पक्ष्यांची हालचाल वाचण्याची विद्या कशी येणार? आणि जेथे माशाला आसरा होता ती जागाही आपण त्याला ठेवली नाही, तर उद्याचे काय?

आम्हांला यंत्र पापी आहे असे म्हणायचे नाही. साधन हे मानवी बुद्धीचे फळ आहे आणि बुद्धी ही देवाची देणगी आहे. प्रश्न वेगळा आहे. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यांनी राज्यशास्त्रावरील ग्रंथात एक साधा विचार मांडला आहे. कोणत्याही कलेचे साधन संख्येने किंवा आकाराने अमर्याद नसते, कारण ते कशासाठी आहे यावरून ते किती पुरे हे ठरते. सुताराला किती करवती लागतात हे कामावरून ठरते. पण साधनच साध्य होऊन बसले की 'पुरे' हा शब्द नाहीसा होतो. मग पाच तारा कमी वाटतात आणि एक पडदा अपुरा वाटतो. संत थॉमस अक्वायनस यांनीही हाच धागा पुढे नेला. साधनाची इच्छा साध्याच्या मापाने बांधलेली असते, पण साध्य म्हणून धरलेल्या वस्तूच्या इच्छेला अंत नसतो. म्हणूनच ख्रिस्तसभा विवेक, न्याय, धैर्य आणि संयम या चार मुख्य सद्‌गुणांत संयमाला स्थान देते. संयम म्हणजे वस्तूचा तिरस्कार नव्हे. वस्तूला तिच्या मापात ठेवणे म्हणजे संयम.

जुन्या करारात संदेष्टा हबक्कूक याच्या पहिल्या अध्यायात एक विलक्षण चित्र आहे. एक बलाढ्य राष्ट्र माणसांना माशांसारखे गळाने ओढते, जाळ्यात गोळा करते आणि आनंदित होते. मग ते आपल्या जाळ्यालाच बळी अर्पण करते, जाळ्यापुढे धूप जाळते, कारण त्या जाळ्यामुळे त्याचे ताट भरले. संदेष्टा देवाला विचारतो, हे असे जाळे भरणे आणि रिकामे करणे थांबणार तरी कधी? जाळ्यापुढे धूप जाळणे! आपण हसू, पण सकाळी डोळे उघडताच आपला हात प्रथम कशाकडे जातो? घरात सर्वांत उंच आणि सुरक्षित जागा आज कोणत्या वस्तूला मिळते? कशाची बॅटरी संपत आली की आपला जीव कासावीस होतो?

आपल्या किनाऱ्यावरही हा प्रश्न आलाच आहे. समुद्रात एलईडीचा झगझगीत प्रकाश टाकून मासे गोळा करण्याच्या पद्धतीवर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली. २०२३ साली पापलेटला महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून मान देण्यात आला, कारण तो जपला पाहिजे हे पटले. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून समुद्राला विसावा द्यायची आपल्या कोळी बांधवांची रीत तर सरकारी नियमाहूनही जुनी आहे. ज्याला समुद्र ठाऊक आहे त्याला 'पुरे' हा शब्दही ठाऊक असतो.

नव्या करारात मासेमारी म्हटली की आपल्याला जाळे आठवते. गळाचा उल्लेख मात्र एकदाच येतो, मत्तयच्या सतराव्या अध्यायात. मंदिराचा कर द्यायचा असतो. प्रभू येशू पेत्राला सांगतात, समुद्रावर जा, गळ टाक आणि पहिला जो मासा येईल तो घे. त्याच्या तोंडात एक नाणे असेल. ते माझ्यासाठी आणि तुझ्यासाठी दे. एक गळ, एक मासा, एक नाणे आणि दोघांचा कर. गरज होती तेवढेच मिळाले. दुसऱ्या माशाच्या तोंडातही नाणे आहे का, हे पाहायला पेत्र पुन्हा गळ टाकून बसला असे शुभवर्तमान सांगत नाही.

आता लूकच्या पाचव्या अध्यायाकडे पाहा. पेत्र हा सराईत कोळी. रात्रभर राबून हाती काही लागले नव्हते. दिवसा खोल पाण्यात जाळे टाकायला सांगणारा माणूस सुताराच्या घरचा. पाण्याखाली काय आहे हे पेत्राला दिसत नव्हते. तरीही शब्दाखातर त्याने जाळे टाकले आणि होड्या बुडायला आल्या. कुणी म्हणेल, येशूंना मासे कोठे आहेत हे ठाऊक होते, म्हणजे तेच त्या वेळचे यंत्र! पण पुढे काय घडले ते पाहा. पेत्राने मासे मोजले नाहीत. उद्या पुन्हा कोठे जाळे टाकू, असे विचारले नाही. तो गुडघ्यांवर आला आणि आपण पापी आहोत हे त्याला कळले. जन्मातली सर्वांत मोठी पकड किनाऱ्यावर ठेवून ते सर्व जण येशूंच्या मागे गेले. यंत्र आपल्याला माशापर्यंत नेते. प्रभूचा शब्द पेत्राला माशांच्या पलीकडे घेऊन गेला.

म्हणून आम्हांला वाटते की यंत्राने जे दिसते आणि विश्वासाने जे मिळते त्यांतला फरक आपण ओळखला पाहिजे. प्रतिध्वनी अंतर सांगतो, आकार सांगतो. मासा भुकेला आहे की नाही हे सांगत नाही. आपला मुलगा या क्षणी कोठे आहे हे आज मोबाईल आईवडिलांना दाखवू शकतो. तो कसा आहे, त्याच्या मनावर कसले ओझे आहे, हे जाणून घ्यायला त्याच्याजवळ बसावे लागते. लग्न ठरवताना आपण दोन्ही घरांची सगळी माहिती काढतो, आणि ते योग्यही आहे. पण वेदीपुढे उभे राहून दिलेला शब्द हा खोल पाण्यात टाकलेल्या जाळ्यासारखाच असतो. सगळे दिसल्यावरच देईन म्हटले तर तो शब्द कधीच दिला जाणार नाही. प्रार्थनेचेही तसेच आहे. उत्तर पडद्यावर दिसेल तेव्हाच प्रार्थना करीन, असे म्हणून चालत नाही.

आणि पाच गळांचे काय? आपल्या तरुणांना आज एकाच वेळी पाच परीक्षा, पाच क्लास, पाच संधी धरून ठेवाव्या लागतात. आम्ही त्यांना दोष देत नाही; स्पर्धा खरीच कठीण आहे. पण पाचही गळांना एकाच वेळी जोर लागला तर दोरी तुटते हे त्यांच्या पालकांनी ध्यानात घ्यावे. घरात जेवताना एक कान टीव्हीकडे, एक डोळा मोबाईलकडे, मन ऑफिसात आणि समोर आई बोलते आहे, अशीही पाच तारांची छत्री आपण रोज पाण्यात टाकत असतो. आईचे बोलणे मात्र त्यातल्या एकाही गळाला लागत नाही. लग्नसमारंभातल्या खर्चाची चढाओढही याच जातीची. शेजाऱ्याने जेवढे केले त्याहून थोडे जास्त, असे प्रत्येक जण म्हणू लागला तर शेवटचे घर कर्जात बुडते.

तिकडच्या गळवाल्यांनी काय केले ते पुन्हा आठवू या. त्यांच्यात हजारो मतभेद आहेत, पैसा आहे, जाहिराती आहेत. तरीही एकत्र बसून त्यांनी ठरवले की आपल्याला जमते ते सगळे करायचे नाही. हे काही धर्मपीठावरून सांगितलेले नव्हते. साध्या माणसांनी आपल्या आवडत्या खेळासाठी स्वतःच कुंपण घातले. जे ते एका छंदासाठी करू शकतात ते आपण आपल्या कुटुंबासाठी, आपल्या आत्म्यासाठी करू शकणार नाही का?

या आठवड्यासाठी आम्ही आपल्यापुढे एवढेच ठेवतो. प्रत्येक घराने एकत्र बसून एक मर्यादा ठरवावी. ती वडिलांनी मुलांवर लादू नये आणि मुलांनी आजीवर ढकलू नये. सर्वांनी मिळून ठरवावी. रात्रीच्या जेवणाला मोबाईल दुसऱ्या खोलीत राहील, इतकी लहान मर्यादाही चालेल. रविवारचा दुपारचा वेळ एखाद्या आजाऱ्यासाठी मोकळा ठेवायचा, हीही चालेल. येत्या समारंभात अमुक एक खर्च करायचा नाही, असेही ठरवता येईल. ठरवलेली मर्यादा पुढच्या रविवारपर्यंत पाळून पाहावी आणि मग एकमेकांना विचारावे, काही कमी पडले का?

योहानच्या शेवटच्या अध्यायात शिष्य १५३ मासे घेऊन किनाऱ्याला येतात, तेव्हा तेथे निखारे आधीच पेटलेले असतात. त्यांवर मासा असतो आणि भाकरही. त्यांची पकड पोहोचण्यापूर्वीच प्रभूने न्याहारी मांडली होती. त्यांनी आणलेलेही त्याने मागून घेतले, पण त्यावाचून त्याचे अडले नव्हते. दर रविवारी वेदीवरही हेच घडते. आपण काय पकडून आणले याची वाट न पाहता आपल्यासाठी मेज मांडलेले असते.

हे प्रभो, तू आम्हांला बुद्धी दिलीस आणि साधने दिलीस. ती हातात धरण्याची शक्ती दे आणि खाली ठेवण्याचीही शक्ती दे. पाण्याखालचे काही दिसत नसतानाही तुझ्या शब्दावर जाळे टाकायला आम्हांला शिकव, आणि जाळे भरून येईल त्या दिवशी आमची नजर माशांवर न राहता तुझ्यावर राहू दे. आमेन.

आपले धर्मगुरू